एनएफएल संघाचा सॅलरी कॅप: वही कशी मांडायची आणि कोणत्या क्रमाने

मार्च जवळ आला की एनएफएल बघणाऱ्या मराठी मित्रमंडळींत एकच प्रश्न फिरू लागतो. "आपल्या संघाकडे तीन कोटी डॉलर मोकळे आहेत म्हणतात, मग तो रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) का घेत नाहीत?" काही जण पुढे जाऊन स्वतःची एक्सेल शीट बनवतात आणि मला तपासायला पाठवतात. शीट मनापासून केलेली असते, पण दरवर्षी त्याच चार-पाच ठिकाणी चुकते. म्हणून हा लेख. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल ही त्याची अमेरिकेतली व्यावसायिक लीग आणि कॅप म्हणजे तिथल्या प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर घातलेली वार्षिक मर्यादा.

चुकीचं मूळ आपल्या सवयीत आहे. आपण आयपीएलचा लिलाव बघत मोठे झालो. २०२५च्या मोठ्या लिलावाला प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. खेळाडू दहा कोटींना घेतला की दहा कोटी वजा, विषय संपला. एनएफएलमध्ये खेळाडूच्या हातात पैसे कधी पडले आणि ते कॅपच्या वहीत कोणत्या वर्षी लागले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिलेला प्रत्येक डॉलर कधी ना कधी वहीत लागतोच, एकही सुटत नाही. कॅप सांभाळणाऱ्या माणसाचं काम एवढंच, की कोणता डॉलर कोणत्या वर्षी लागेल हे आधी ठरवायचं. खालचा प्रत्येक टप्पा हे लक्षात ठेवून वाचा.

## आधीची तयारी

शीट उघडण्यापूर्वी चार गोष्टी गोळा करा.

पहिली, लीगने जाहीर केलेली त्या वर्षाची मर्यादा. २०२३ला ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती, २०२४ला २५ कोटी ५४ लाख, २०२५ला २७ कोटी ९२ लाख. दुसरी, प्रत्येक खेळाडूचा करार वर्षवार फोडलेला: बेस (मूळ) पगार, साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलचा), रोस्टर बोनस, सरावाचा बोनस, कामगिरीवरचे बोनस आणि यातलं गॅरंटीचं, म्हणजे खेळाडूला सोडलं तरी द्यावंच लागणारं, काय. "पाच वर्षं, बारा कोटी" एवढ्या बातमीवर शीट बनत नाही. तिसरी, संघात नसलेल्या, सोडून दिलेल्या किंवा ट्रेड केलेल्या (दुसऱ्या संघाला दिलेल्या) खेळाडूंचे अजून वहीत उरलेले आकडे. चौथी म्हणजे तारखा, आणि त्याच सगळ्यात जास्त विसरल्या जातात. कोणता बोनस कोणत्या दिवशी द्यायचा आहे, कोणाचा पगार कोणत्या दिवशी गॅरंटीचा होतो, हे प्रत्येक नावासमोर लिहा.

शीटमध्ये चालू वर्षाचा एकच रकाना ठेवू नका. चालू वर्ष आणि पुढची तीन वर्षं असे किमान चार रकाने हवेत. एकाच वर्षाची शीट करणाऱ्याला आपला संघ कायम श्रीमंत दिसतो.

## टप्पा १: तुमच्या संघाची खरी मर्यादा काढा

जाहीर झालेला आकडा सगळ्या ३२ संघांना सारखा असतो, पण प्रत्यक्ष मर्यादा प्रत्येकाची वेगळी. मागच्या वर्षी न वापरलेली जागा संघ लीगला लेखी कळवून पुढच्या वर्षात आणू शकतो, डॉलरला डॉलर. शिवाय मागच्या वर्षीच्या बोनसांचा हिशेब चुकता करताना थोडं अधिक-उणं होतं.

एक काल्पनिक संघ घेऊ. जाहीर मर्यादा २७९२ लाख, मागून आणलेली जागा १५० लाख, मागच्या वर्षी अनपेक्षितपणे कमावलेल्या बोनसांपोटी वजा २० लाख. खरी मर्यादा २९२२ लाख डॉलर. (यापुढे सगळे आकडे लाख डॉलरमध्येच देतो, शून्यं मोजत बसावं लागत नाही.)

तपासा: शीटच्या माथ्यावर २७९२ लिहिलं असेल तर पुढचं सगळं गणित चुकीच्या पायावर उभं आहे. आधी ते दुरुस्त करा.

## टप्पा २: प्रत्येक करार वर्षांत उलगडा

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या.

बेस पगार ज्या वर्षाचा, त्याच वर्षी वहीत लागतो. रोस्टर बोनस, म्हणजे ठरावीक दिवशी संघात असल्याबद्दलचे पैसे, साधारणपणे त्याच वर्षी लागतो. साइनिंग बोनसचं मात्र तसं नाही. तो खेळाडूला लवकर मिळतो, पण वहीत कराराच्या वर्षांवर समान हप्त्यांत पसरतो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. करार सात वर्षांचा असला तरी बोनसचे हप्ते पाचच.

उदाहरणासाठी एक खेळाडू घेऊ. करार २०२५ ते २०२९, साइनिंग बोनस ४०० लाख. बेस पगार वर्षानुवर्षं २०, १२०, २००, २२० आणि २४० लाख. बोनसचा हप्ता दरवर्षी ८० लाख. वहीतले आकडे असे होतात:

- २०२५: २० + ८० = १००
- २०२६: १२० + ८० = २००
- २०२७: २०० + ८० = २८०
- २०२८: २२० + ८० = ३००
- २०२९: २४० + ८० = ३२०

बेरीज १२०० लाख, म्हणजे बारा कोटी. पहिल्या वर्षी खेळाडूच्या हातात ४२० लाख पडले आणि वहीत लागले फक्त १००. उरलेले ३२० लाख पुढच्या चार वर्षांवर आधीच चढलेले आहेत. फिलाडेल्फिया ईगल्सने २०२३मध्ये जेलन हर्ट्सशी पाच वर्षांचा २५ कोटी ५० लाखांचा करार केला आणि त्या वर्षी वहीत त्याचा आकडा जेमतेम ६१.५ लाख होता. त्यात जादू नाही, बोनस आणि पुढची वर्षं यांची अशीच मांडणी आहे.

आता कामगिरीचे बोनस. लीग इथे एक साधी कसोटी लावते: मागच्या वर्षी खेळाडूने तेवढी कामगिरी केली होती का? रिसीव्हरने मागच्या हंगामात ८० झेल घेतले असतील आणि बोनस ७५ झेलांवर असेल, तर तो "मिळण्याची शक्यता असलेला" बोनस. तो लगेच वहीत लागतो आणि नाही कमावला तर पुढच्या वर्षी जमा होतो. तोच बोनस ८५ झेलांवर ठेवला तर यंदा काहीच लागत नाही, पण कमावला की पुढच्या वर्षी वजा होतो. करार लिहिणारे ८० आणि ८१ यांतल्या एका झेलावर भांडतात ते याच कारणाने.

नेहमीची चूक: एकूण रकमेला वर्षांनी भागून "दरवर्षी २४० लाख" असा सरसकट आकडा मांडणं. वरच्या उदाहरणात एकाही वर्षी २४० येत नाही. सरासरी दोन खेळाडूंची तुलना करायला ठीक आहे, वहीत तिचा उपयोग नाही.

तपासा: प्रत्येक खेळाडूच्या वर्षवार आकड्यांची बेरीज कराराच्या एकूण रकमेएवढी आली पाहिजे (आधीच्या कराराचे हप्ते उरले असतील तर ते धरून). आली नाही तर कुठला तरी हप्ता सुटला आहे.

## टप्पा ३: ५१चा नियम लावा

मार्चपासून हंगामाचा पहिला सामना होईपर्यंत संघात ९० पर्यंत खेळाडू असतात. सगळ्यांचे आकडे धरले तर कोणताच संघ मर्यादेत बसणार नाही. म्हणून या काळात वहीत सर्वांत मोठे ५१ आकडे धरतात. ५२व्या क्रमांकापासून खालच्यांचा बेस पगार धरत नाहीत, पण त्यांच्या बोनसचा हप्ता असेल तर तो धरतात. गेलेल्या खेळाडूंचे उरलेले आकडे अर्थातच वेगळे धरतात.

याचा परिणाम लोक विसरतात. २०२५मध्ये तुम्ही ५० लाखांच्या आकड्याचा खेळाडू घेतला आणि यादीतला ५१वा ९.६ लाखांचा होता, तर तो खाली ढकलला जातो. वहीवर खरा भार ४०.४ लाखांचाच पडतो. ड्राफ्टमधून, म्हणजे कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, आलेल्या मुलांचंही असंच. पहिल्या फेरीतल्या मुलाचा आकडा ४० लाख असेल तर नवा भार सुमारे ३० लाख. सातव्या फेरीतला मुलगा बहुधा पहिल्या ५१मध्ये येतच नाही, त्याच्या छोट्या बोनसचा हप्ता तेवढा लागतो. त्यामुळे ड्राफ्टमधल्या सगळ्यांच्या आकड्यांची सरळ बेरीज बाजूला ठेवणारी शीट संघाला आहे त्यापेक्षा गरीब दाखवते.

हे उलटही चालतं. कोणाला सोडलं की ५२वा वर येतो आणि त्याचा पगार वहीत शिरतो. म्हणून सुटकेतून दिसणाऱ्या बचतीतून साधारण ९ ते १० लाख मनातल्या मनात वजा करत चला.

## टप्पा ४: मार्चच्या आधी कोण जाणार ते ठरवा

नवं लीग वर्ष मार्चच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ४ला सुरू होतं. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते, इथले चाहते डोळे चोळत जागे असतात. त्या क्षणी प्रत्येक संघ मर्यादेखाली असायलाच हवा. मर्यादा ओलांडणारा करार लीग मंजूरच करत नाही.

मर्यादेखाली येण्याचे चार मार्ग आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा: आधी सुटका, मग मुदतवाढ, मग पगारकपात, शेवटी रिस्ट्रक्चर (पगाराचं बोनसमध्ये रूपांतर, टप्पा ५ बघा). बहुतेक शीटमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो, कारण रिस्ट्रक्चर सगळ्यात सोपं दिसतं.

सुटकेचं गणित असं. खेळाडू गेला की त्याचा पुढचा, गॅरंटी नसलेला बेस पगार पुसला जातो. पण साइनिंग बोनसचे न लागलेले सगळे हप्ते एकदम चालू वर्षात येऊन पडतात. यालाच डेड मनी म्हणतात. हा खेळाडूला नव्याने दिलेला पैसा नव्हे. तो आधीच देऊन झालेला आहे, फक्त वहीत लागायचा राहिला होता. बातमीत "अमुक संघाला दोन कोटींचा भुर्दंड" असं वाचलं की लोकांना वाटतं आता नवा चेक फाडावा लागणार. तसं नसतं. अपवाद गॅरंटीच्या पगाराचा: तो द्यायचा राहिला असेल तर सुटकेनंतरही द्यावा लागतो आणि वहीतही लागतो.

आपला खेळाडू मार्च २०२८मध्ये सोडला तर २०२८ आणि २०२९चे हप्ते, ८० + ८० = १६० लाख, डेड मनी होतील. आधी वहीत ३०० होते, आता १६०. बचत १४० लाख. त्याचा पगार २२० लाख होता म्हणून २२० वाचले असं मांडणाऱ्याची चूक आता तुम्हाला सहज दिसेल.

आता १ जूनचा नियम, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. १ जूननंतर खेळाडू सोडला तर चालू वर्षाचा हप्ता तेवढा यंदा लागतो आणि बाकीचे हप्ते पुढच्या वर्षी. आपल्या उदाहरणात २०२८मध्ये ८० लाख, बचत २२०, आणि २०२९च्या माथी ८०. शिवाय संघाला दरवर्षी दोन खेळाडू मार्चमध्येच सोडून त्यांचा हिशेब १ जूननंतरच्या पद्धतीने करून घेता येतो.

सावधान: अशा खेळाडूचा पूर्ण आकडा जून उजाडेपर्यंत वहीत तसाच राहतो. म्हणजे मार्चमध्ये मर्यादेखाली यायला किंवा मार्चचे फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) घ्यायला या बचतीचा काडीचाही उपयोग नाही. ती ड्राफ्टमधल्या मुलांना, उन्हाळ्यातल्या उशिराच्या करारांना आणि हंगामातल्या गरजांना कामी येते. शीटमध्ये तिच्यासाठी "२ जूनपासून" असा वेगळा रकाना करा.

सावधान: ही आगाऊ सवलत सुटकेला आहे, ट्रेडला नाही. ग्रीन बे पॅकर्सनी ॲरन रॉजर्सला एप्रिल २०२३मध्ये ट्रेड केलं आणि ४ कोटींहून अधिक डेड मनी त्याच वर्षी अंगावर घेतला. ट्रेडचा हिशेब दोन वर्षांत वाटायचा तर ट्रेड खरोखर १ जूननंतरच करावा लागतो.

ट्रेडमध्ये काय कुठे जातं तेही लिहून ठेवा. उरलेला बेस पगार नव्या संघाकडे जातो, बोनसचे उरलेले हप्ते जुन्या संघाकडेच राहतात. त्यामुळे एकाच खेळाडूचा आकडा दोन संघांच्या वह्यांत वेगवेगळा दिसतो आणि दोन्ही बरोबर असतात.

तारखांचं महत्त्व कळण्यासाठी डेन्व्हर ब्रॉन्कोसचं उदाहरण पुरेसं आहे. रसेल विल्सनचा २०२५चा ३ कोटी ७० लाखांचा पगार मार्च २०२४मध्ये, लीग वर्षाच्या पाचव्या दिवशी, गॅरंटीचा होणार होता. त्यांनी त्या आधीच सुटका जाहीर केली. तरीही ८ कोटी ५० लाखांचा डेड मनी वहीत आला. १ जूनची पद्धत वापरून त्यातले सुमारे ५ कोटी ३० लाख २०२४मध्ये आणि ३ कोटी २० लाख २०२५मध्ये लागले. दिवस चुकला असता तर वर आणखी ३ कोटी ७० लाखांची जबाबदारी पडली असती.

तपासा: प्रत्येक संभाव्य सुटकेसमोर तीन आकडे हवेत: मार्चमधली बचत, १ जूननंतरची बचत आणि पुढच्या वर्षी उरणारं ओझं. आणि चौथा रकाना, निर्णयाची शेवटची तारीख.

## टप्पा ५: मुदतवाढ, पगारकपात आणि अगदी शेवटी रिस्ट्रक्चर

ज्याला ठेवायचंच आहे आणि ज्याच्या करारात एकच मोठ्या पगाराचं वर्ष उरलंय, त्याला मुदतवाढ द्या. नवा बोनस नव्या वर्षांवर पसरतो, चालू वर्षाचा आकडा खाली येतो आणि खेळाडूही खूश असतो. उतार लागलेल्या खेळाडूला पगारकपात विचारता येते, पण तिला त्याची संमती लागते. तो नाही म्हणाला तर पर्याय सुटकेचाच. म्हणून हे बोलणं सुटकेचं गणित हातात असतानाच करायचं, त्याआधी नाही.

रिस्ट्रक्चर म्हणजे बेस पगाराचा मोठा भाग साइनिंग बोनसमध्ये बदलणं. बहुतेक मोठ्या करारांत हा हक्क क्लबकडे आधीच लिहून घेतलेला असतो, खेळाडूला पुन्हा विचारावं लागत नाही. "अमुक स्टारने संघासाठी पगार सोडला" अशा बातम्या फिरतात, पण रिस्ट्रक्चरमध्ये खेळाडू एक डॉलरही सोडत नाही. उलट हंगामात दर आठवड्याला मिळणारे पैसे त्याला आधीच मिळतात.

आपल्या खेळाडूचं २०२७मध्ये रिस्ट्रक्चर करू. २०० लाखांतले २० ठेवले आणि १८० बोनस केले. उरलेल्या तीन वर्षांवर दरवर्षी ६०.

- २०२७: २० + ८० + ६० = १६० (आधी २८०)
- २०२८: २२० + ८० + ६० = ३६० (आधी ३००)
- २०२९: २४० + ८० + ६० = ३८० (आधी ३२०)

यंदा १२० लाख सुटले, पुढच्या दोन वर्षांत ६०-६० वाढले. आता टप्पा ४कडे परत जा. मार्च २०२८मध्ये त्याला सोडायचं ठरवलं तर डेड मनी १६० नाही, २८० होईल आणि बचत १४०वरून ८०वर येईल. पैशापेक्षा मोठी किंमत इथे मोजावी लागते: खेळाडूपासून मोकळं होण्याचा रस्ता तुम्ही स्वतःच अरुंद करून घेता. आपल्याकडे याला आजचं मरण उद्यावर ढकलणं म्हणतात. तिशी ओलांडलेल्या, गुडघा दुखावलेल्या खेळाडूवर हे करणं मला कधीच पटलेलं नाही. पंचविशीतल्या, पुढची चार वर्षं नक्की ठेवायच्या क्वार्टरबॅकवर (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) खुशाल करा.

आणखी जागा हवी असली की संघ व्हॉइड वर्षं जोडतात. खेळाडू त्या वर्षांत खेळणार नसतो, ती केवळ बोनस पसरायला लावलेली असतात. वरचे १८० लाख २०३० आणि २०३१ ही दोन व्हॉइड वर्षं जोडून पाच ठिकाणी पसरले तर हप्ता ३६ येतो आणि २०२७चा आकडा १३६वर उतरतो. पण करार २०२९नंतर आपोआप संपला की २०३०-३१चे दोन्ही हप्ते, ७२ लाख, एकदम २०३०मध्ये लागतात. टॅम्पा बे बकॅनियर्सच्या २०२३च्या वहीत टॉम ब्रेडीच्या नावाने साडेतीन कोटींहून जास्त डेड मनी लागला तो याच मार्गाने, आणि तेव्हा तो निवृत्त होऊन घरी बसला होता.

नेहमीची चूक: व्हॉइड वर्षांतले हप्ते शीटमध्ये तसेच वेगवेगळ्या वर्षांत ठेवणं. ते एकत्र, पहिल्याच व्हॉइड वर्षात, मांडा.

"कॅप दरवर्षी वाढतोच, मग उधारी केली तर बिघडलं काय?" हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. त्यात तथ्य आहे. २० दशलक्ष म्हणजे २०० लाखांचा आकडा २०२३च्या मर्यादेच्या ८.९ टक्के होता आणि २०२५च्या ७.२ टक्के. म्हणूनच पुढच्या रकान्यांत डॉलरसोबत टक्केही लिहावेत. पण महामारीनंतर २०२१मध्ये मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरली होती. वर्षानुवर्षं पुढे ढकलत आलेले न्यू ऑर्लीन्स सेंट्स तेव्हा मर्यादेच्या जवळपास १० कोटींनी वर होते. ते मर्यादेत आले खरे, पण खेळाडू सोडून आणि पुन्हा नवी उधारी करून.

तपासा: रिस्ट्रक्चर करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा. दोन वर्षांनी हा खेळाडू मला संघात हवा असेल का? उत्तर द्यायला वेळ लागत असेल तर त्या नावापुढे फुली मारा आणि दुसरं नाव शोधा.

## टप्पा ६: आता खर्च करा, पण या क्रमाने

फ्रँचायझी टॅगचं आधी बघा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत संघाला आपल्या एका खेळाडूला एक वर्षासाठी अडवून ठेवता येतं. टॅगचा पूर्ण आकडा नव्या वर्षाच्या वहीत पहिल्या क्षणापासून धरतात, तो पसरवता येत नाही. खेळाडूने सही करायची वाट बघितली तरी आकडा लागतोच. जुलैच्या मध्यापर्यंत दीर्घ करार झाला तर भार हलका होतो, पण मार्चची जागा तोवर अडकलेली असते. टॅगवर विसंबलेल्या शीटमध्ये ही जागा मोकळी दिसली तर ती चूक आहे.

मग मोठे फ्री एजंट. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या लहान आकड्याला भुलू नका. आपल्या उदाहरणातले १००, २००, २८० पुन्हा बघा. तिसऱ्या वर्षाचा रकाना बघूनच सही करायची.

त्यानंतर ड्राफ्ट. कितव्या क्रमांकाला निवडलं यावरून मुलाचा आकडा जवळपास ठरलेला असतो. करार चार वर्षांचे, आणि पहिल्या फेरीतल्यांना क्लबच्या मर्जीचं पाचवं वर्ष. तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यात ते पाचवं वर्ष घ्यायचं की नाही ते कळवावं लागतं, आणि घेतलं की त्याचा पगार पूर्ण गॅरंटीचा. शीटमध्ये त्या वर्षाचा रकाना रिकामा ठेवणारे पुढे तोंडघशी पडतात.

शेवटी किमान पगारावरचे अनुभवी. इथे एक सवलत आहे. चार किंवा जास्त हंगाम खेळलेल्याला एका वर्षासाठी किमान पगारावर घेतलं तर वहीत त्याचा आकडा दोन हंगाम खेळलेल्याएवढाच धरतात. २०२५मध्ये सात किंवा जास्त हंगामवाल्याचा किमान पगार १२.५५ लाख होता, वहीत लागायचे १०.३० लाख. पाच-सहा अशा खेळाडूंत मिळून बऱ्यापैकी जागा वाचते.

सावधान: कराराच्या कागदाबाहेर "पुढच्या वर्षी बघू" असं आश्वासन देणं नियमबाह्य आहे. कॅप चुकवणाऱ्या व्यवहारांपायी डेन्व्हरने एकदा नव्हे, दोनदा दंडासोबत ड्राफ्टमधली तिसऱ्या फेरीची निवड गमावली आहे.

## टप्पा ७: सप्टेंबरसाठी हात राखून ठेवा

ऑगस्टच्या अखेरीस ९०चा संघ ५३वर येतो आणि पहिल्या सामन्यापासून ५१चा नियम संपतो. आता सगळेच धरायचे: ५३ खेळाडू, दुखापतीच्या यादीवरचे सगळे, सराव पथक (५३बाहेरचे, संघासोबत सराव करणारे राखीव खेळाडू) आणि डेड मनी.

२०२५च्या आकड्यांत हिशेब करू. वाढीव दोन खेळाडू किमान ८.४ लाखांचे, म्हणजे १६.८. सराव पथकातले १६ जण, प्रत्येकी आठवड्याला किमान १३,००० डॉलर, १८ आठवडे: ३७.४४ लाख. एकूण ५४ लाखांच्या वर, आणि अजून एकही खेळाडू जायबंदी झालेला नाही. दुखापतीच्या यादीवर गेलेल्याचा पगार वहीत तसाच राहतो आणि त्याच्या जागी आलेल्याचा वर चढतो. ऑक्टोबरमध्ये ट्रेड करायचा असेल तर त्याला आणखी जागा हवी. मी माझ्या शीटमध्ये ऑगस्टअखेर किमान १०० लाख मोकळे राहतील असं बघतो. मेमध्ये "आपल्याकडे ९० लाख पडून आहेत, एक कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) घ्या" म्हणणाऱ्याला दाखवायला हा परिच्छेद ठेवा.

हंगामात आठवड्याला एकदा शीट अद्ययावत करायला दहा मिनिटं पुरतात. खेळाडूचा बेस पगार १८ भागांत विभागलेला असतो. मध्येच घेतलेल्याचा फक्त उरलेल्या आठवड्यांचाच भाग लावा.

## टप्पा ८: वर्ष बंद करताना

हंगाम संपत आला की तीन कामं. कामगिरीचे बोनस एकेक करून तपासा: कमावलेले कोणते, हुकलेले कोणते, आणि त्यानुसार पुढच्या वर्षाच्या माथ्यावर जमा किंवा वजा करा. संपणाऱ्या करारांतली व्हॉइड वर्षं शोधून त्यांचे हप्ते पुढच्या वर्षात डेड मनी म्हणून लावा. आणि उरलेली जागा पुढच्या वर्षाच्या मर्यादेत मिळवा. खऱ्या संघाला हे मुदतीत लेखी कळवावं लागतं, तुम्हाला फक्त टप्पा १मधली ओळ बदलायची आहे.

जुनी शीट पुसू नका, तिची प्रत ठेवा. पुढच्या मार्चमध्ये तुमचा अंदाज आणि संघाने खरोखर केलेलं यांत फरक पडेल. तो कोणत्या रकान्यात पडला ते शोधायला तीच प्रत लागेल.